टाच टेकते का बघू

पहिली स्पोर्ट बाईक कुठली घ्यावी, हा प्रश्न लोक मला अजून विचारतात. नोकरी सुटून वर्ष होत आलं, तरी पेणच्या बाजारात भाजी घेताना कुणीतरी थांबवतंच. मुलगा कंपनीत लागलाय, त्याला ती वाकून चालवायची गाडी हवी आहे, काका, तुम्ही सांगाल ती घेतो. मी गाडीचं नाव सांगत नाही. मुलाला घेऊन या म्हणतो, आणि येताना त्याला रोजची चप्पल घालून आणा म्हणतो. चपलेचं ऐकून समोरचा माणूस जरा चमकतो, हसतो आणि हो म्हणून निघून जातो. चपलेचं कारण मी बाजारात उभ्या उभ्या कधी कुणाला सांगितलं नाही. ते इथे सांगतो.

मी पेणमधल्या एका दुचाकीच्या शोरूममध्ये सव्वीस वर्षं विक्रीच्या कामाला होतो. शोरूमचं आणि आमच्या शेठचं नाव इथे देत नाही, कारण जे सांगणार आहे त्यात त्यांची चूक नाही. चूक माझी आहे, आणि ती माझ्या कामातल्या ज्या गोष्टीचा मला सगळ्यात जास्त अभिमान होता, तिथेच झाली.

आधी थोडं धंद्याबद्दल. स्पोर्ट बाईक म्हणजे काय, तर पुढून प्लास्टिकच्या कवचाने झाकलेली, हँडल खाली, पाय ठेवायची जागा मागे, सीट उंच. मागची सीट तर जवळजवळ शोभेचीच. त्या सीटवर आईवडिलांना बसवून देवदर्शनाला नेईन असं कुणी म्हणालं, की मी सरळ सांगायचो, देव भेटेल पण आईवडील पुन्हा बोलणार नाहीत. गिऱ्हाईक ही गाडी डोळ्यांनी पसंत करतं आणि कमरेने भोगतं. म्हणून नवशिक्याला मी चार गोष्टी बघायला लावायचो. हँडल फार खाली नको, थोडं उचललेलं हवं, म्हणजे शरीराचा भार मनगटांवर येत नाही. इंजिन दीडशे-दोनशे सीसीचं पुरे, पहिल्याच गाडीला त्याहून मोठं घेतलं की मजेपेक्षा धास्तीच जास्त. क्लच दोन बोटांनी दाबता यावा, नाहीतर वडखळच्या ट्रॅफिकमध्ये अर्ध्या तासात पंजा भरून येतो. जोरात ब्रेक दाबला तरी चाक अडकून घसरू नये म्हणून ब्रेकला एबीएस हवंच, आमच्या रस्त्यांवरची खडी बघता त्यात तडजोड नको.

आणि शेवटची गोष्ट, ती मात्र माझी स्वतःची. गिऱ्हाइकाला गाडीवर बसवायचं, साईड स्टँड वर करायला लावायचा, हँडल सरळ, आणि मग मी खाली वाकून बघायचो. दोन्ही टाचा जमिनीला टेकल्या तर गाडी त्याची. नुसते चवडे टेकले तर दुसरी दाखवायची. मुरलेला माणूस चवड्यावरही गाडी सांभाळतो. पण नवीन माणूस गाडी पाडतो ती बहुतेक वेळा उभी असताना. सिग्नलला, फाट्यावर, पेट्रोलपंपाच्या उतारावर. दीडशे किलोची गाडी एका बाजूला एका मर्यादेपलीकडे कलली की पैलवानालाही ती परत उचलता येत नाही.

ह्या वाकून बघण्यामुळे मला शोरूममध्ये टाचवाले काका म्हणायचे. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

दोन गिऱ्हाइकं सांगतो, म्हणजे तो अभिमान कुठून आला ते कळेल.

आमच्या पेणला गणपतीच्या मूर्तींचे डोळे आखणारे कारागीर वेगळे असतात. मूर्ती घडवणारा एक, रंगवणारा दुसरा, पण डोळ्यांना ठरावीक हातच लागतात. असाच एक कारागीर लाल रंगाची, अगदी रेसला असते तशी खालच्या हँडलची गाडी घ्यायला आला. मी त्याला ओळखत होतो. नको म्हणून सांगितलं असतं तर त्याने ऐकलं नसतं. म्हणून त्या गाडीवर त्याला दहा मिनिटं बसवून ठेवलं, मनगटांवर भार देऊन, पुढे वाकवून. मग खाली उतरवून समोर कागद आणि पेन ठेवलं आणि एक डोळा काढायला सांगितला. त्याने काढला. रेघ किंचित थरथरली होती, मला तर दिसलीही नसती. त्याला दिसली. तो कागद त्याने घडी करून खिशात घातला आणि उचललेल्या हँडलची गाडी घेतली. ती गाडी तो अजून चालवतो.

दुसरा धरमतरच्या खाडीवर मालवाहू बार्जवर कामाला होता. महिनाभर पाण्यावर, मग आठवडाभर घरी. त्याने मोबाईलमध्ये फोटो बघून गाडी ठरवूनच टाकली होती. चक्कर मारून आला तो कमरेला हात लावूनच. म्हणाला, "बार्जवर मी आख्खा दिस वाकूनच असतो. गाडीवर तरी मना ताठ बसूदे." त्याच इंजिनाची, सरळ बसायची, कवच नसलेली गाडी मी त्याला दाखवली. आमच्या धंद्यात गिऱ्हाईक परत येतं ते बहुधा तक्रार घेऊन. हा पुढच्या महिन्यात खाडीचा जिताडा मासा घेऊन आला.

असं होता होता बोलबाला झाला. पेण-रोहा पट्ट्यातली पोरं एकमेकांना सांगायची की त्या शोरूममध्ये एक काका आहेत, त्यांच्याकडून टाच पास झाल्याशिवाय गाडी मिळत नाही. शेठ चिडायचे सुरुवातीला. नंतर तेच नवीन गिऱ्हाइकाला ही गोष्ट कौतुकाने सांगायला लागले.

मयूरी आली ती तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात, वडिलांना घेऊन. रोह्याच्या पुढे कुंडलिकेच्या काठाला त्यांचं गाव. वडील धर्माभाऊ, भात आणि वालाची शेती करणारे, अंगाने काटकुळे, बोलायला कमी. मयूरी धाटावच्या एका केमिकल कंपनीत लॅबमध्ये होती. बावीस-तेवीस वर्षांची, उंचीने लहान. अंगावर कंपनीचा निळा शर्ट आणि पायात कंपनीचे सेफ्टी शूज. ज्यांनी पाहिले नसतील त्यांच्यासाठी सांगतो, हे काळे, जड बूट असतात, पुढे लोखंडी टोपी आणि खाली चांगला जाड रबराचा तळ. धाटावची पोरं शिफ्ट सुटल्यावर तशीच यायची, त्यामुळे ते बूट शोरूममध्ये रोजचेच होते.

मी रिवाजाप्रमाणे तिला स्कूटरकडे वळवायला बघितलं. मुलगी आली की स्कूटरकडे वळवायचं, ही आम्हा सगळ्यांचीच खोड. ती शांतपणे म्हणाली, "काका, मला कामावर जायला गाडी हवीय, पण ती कामासारखी वाटायला नको." आयुष्यभर गाडी विकून मला गाडीतल्या मजेची इतकी नेमकी व्याख्या कुणी सांगितली नव्हती. मी धर्माभाऊंकडे बघितलं. ते म्हणाले, "तिला हवी हाय ती द्या. माझं काय म्हणणं नाय."

तिने दीडशे सीसीची, निळ्या रंगाची एक निवडली. सगळं बरोबर होतं. हँडल उचललेलं, क्लच लोण्यासारखा, एबीएस होतं. फक्त सीट तिच्या उंचीला थोडी वर होती. मी तिला बसवलं, स्टँड काढायला लावला आणि वाकलो. दोन्ही टाचा टेकल्या होत्या.

इथे मी थांबून सांगतो, कारण पुढचं सगळं याच क्षणाचं आहे. मी वाकलो तेव्हा माझं नाक तिच्या बुटापासून वीतभरही लांब नव्हतं. तो जाड तळ मला दिसला. टाच टेकली होती ती बुटाची, पायाची नाही, हे मला दिसलं. "बूट काढ गो" हे शब्द माझ्या तोंडात आले होते. पण शेठ फोन घेऊन बाहेर आले होते, आमच्या शोरूममधून स्पोर्ट बाईक घेणारी पहिली मुलगी म्हणून त्यांना फोटो काढायचा होता. मुलीचा चेहरा फुलला होता. बाप शेजारी उभा होता. आणि मला स्वतःलाच ती गाडी तिला द्यायची होती, कारण उद्या लोक म्हणाले असते की टाचवाल्या काकांनी मुलीला गाडी निवडून दिली. मी मनाशी म्हटलं, रोज कंपनीतच जाणार आहे, रोज हेच बूट असणार. उठलो आणि म्हणालो, "पास."

दोन दिवसांनी डिलिव्हरी झाली, मयूरी त्याच बुटांत आली. हार, हळदकुंकू, चाकाखाली लिंबू, धर्माभाऊंनी नारळ फोडला. सगळं समजावून झालं तेव्हा धर्माभाऊंनी मला बाजूला घेऊन विचारलं की यात त्यांनी काय करायचं. त्यांना सायकलपलीकडे काही येत नव्हतं, पण घरात आलेल्या वस्तूची आपण काहीतरी निगा राखावी असं त्यांना वाटत होतं. काहीतरी सांगायचं म्हणून मी सांगितलं की कधी गाडी उभी राहिलीच तर आठवड्यातून एकदा दहा मिनिटं सुरू करून ठेवा, नाहीतर बॅटरी उतरते. बटण कुठलं, न्यूट्रलचा हिरवा दिवा कसा बघायचा, हे दाखवलं. त्यांनी ते माझ्यासमोर दोनदा करून बघितलं.

चार महिन्यांनी ती निळी गाडी टेम्पोतून आमच्या वर्कशॉपला आली. बरोबर धर्माभाऊ होते, एकटे.

चालती पडलेली गाडी आणि उभी पडलेली गाडी, दोघींच्या खुणा वेगळ्या असतात. चालती पडली की घसरते, बाजूभर लांब ओरखडे येतात. उभी पडली की एकाच बाजूचं टोक मार खातं, हँडलचं टोक, क्लचची दांडी, पाय ठेवायची दांडी, बस. मयूरीच्या गाडीची डावी दांडी वाकली होती आणि कवचावर ओरखडा म्हणावा असा एकच होता. मी काही विचारायच्या आधीच मला कळलं.

धर्माभाऊंनी सांगितलं ते असं. पेणला मैत्रिणीचं लग्न होतं. ती ड्रेस घालून, पायात सपाट सँडल घालून निघाली. वडखळच्या फाट्यावर, अलिबागचा रस्ता फुटतो तिथे, गाड्या तुंबल्या होत्या. ती थांबली. डाव्या अंगाला रस्ता उतरता आणि बारीक खडी. पाय टाकला तो चवड्यावर, चवडा खडीवरून सरकला आणि गाडी तिच्यासकट डावीकडे गेली. घोटा गाडीखाली आला. पनवेलला नेऊन ऑपरेशन केलं, आत पट्टी आणि स्क्रू बसवले.

सगळं सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, "भाऊ, गाडीत काय खोट होती का?"

मी म्हणालो, नाही. तेही खरंच होतं. मग ते माझ्याकडे बघत राहिले, म्हणजे गाडीत खोट नाही तर कशात आहे, असं. तेव्हा मी म्हणालो, "होतं असं नवीन माणसाचं."

एवढंच वाक्य. ते घेऊन धर्माभाऊ घरी गेले आणि ते त्यांनी घरी सांगितलं असणार, शेजाऱ्यांना सांगितलं असणार. गाडी दुरुस्त झाली, आमचा मेकॅनिक गावी पोहोचवून आला. तो म्हणाला, मुलगी खाटेवर होती, तिने बाहेर येऊन गाडी बघितली नाही.

त्यानंतर मी एक केलं. पातळ तळाच्या साध्या चपलांचे तीन जोड आणून शोरूमच्या कोपऱ्यात ठेवले, लहान, मध्यम, मोठे. टाच बघायच्या आधी प्रत्येकाने स्वतःचे बूट काढून त्या घालायच्या. शेठ म्हणाले, काका, आता देवळासारखं चप्पलस्टँडच लावू या. सगळे हसले, मीही हसलो. त्या चपला का आणल्या ते मी कुणाला सांगितलं नाही. कित्येक पोरं त्या चपलांमुळे नापास झाली, ठेंगण्या गाड्या घेऊन गेली आणि सुखरूप राहिली असतील. पण ज्या मुलीमुळे त्या आल्या तिला मी भेटायला गेलो नाही. आमच्या शोरूमच्या रोह्याच्या शाखेत अधूनमधून जात होतो, तिथून तिचं गाव वीस मिनिटांवर होतं. दोन वर्षं गेलो नाही.

यंदा पौषात मी निवृत्त झालो. शेवटच्या दिवशी शोरूमच्या भिंतीवरचा डिलिव्हरीच्या फोटोंचा फलक नवीन करायला काढला होता. जुने फोटो शेठनी माझ्या हातात दिले, आठवण म्हणून घेऊन जा म्हणाले. घरी येऊन एकेक बघत बसलो तर तो निघाला. हार घातलेली निळी गाडी, शेजारी मयूरी हसतेय, धर्माभाऊ नारळ धरून ताठ उभे. आणि फोटोच्या खालच्या कडेला, अगदी स्पष्ट, ते काळे बूट. दोन वर्षं तो फोटो माझ्या खुर्चीच्या मागे होता. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसत होता, मी पाठ करून बसलो होतो.

पुढच्या रविवारी सकाळी माझी जुनी शंभर सीसीची काढली आणि निघालो. वडखळच्या फाट्यावर मुद्दाम थांबलो. डाव्या बाजूला पाय टाकून बघितला. माझी गाडी ठेंगणी, माझी उंची बरी, तरीही उतारामुळे टाच उचललेलीच राहिली. सव्वीस वर्षं मी टाचा बघितल्या त्या शोरूमच्या सपाट फरशीवर, हे मला तिथे कळलं. मागचा डंपर हॉर्न वाजवायला लागला तेव्हा निघालो.

गावात शिरलो आणि त्यांच्या आळीच्या तोंडाशीच मला इंजिनाचा आवाज आला. सव्वीस वर्षं ऐकलेले आवाज आहेत, कुठल्या गाडीचं इंजिन आहे ते मला न बघता कळतं. मला वाटलं मयूरी चालवते आहे. छातीवरचं ओझं एकदम उतरल्यासारखं झालं.

खळ्यात वालाच्या शेंगा वाळत घातल्या होत्या. एका कडेला निळी गाडी मधल्या स्टँडशिवाय, विटेवर साईड स्टँड टेकवून उभी होती आणि सुरू होती. शेजारी धर्माभाऊ उभे होते, हातात मनगटी घड्याळ धरून. मला बघून ते म्हणाले, "या भाऊ. तीन मिनिटं ऱ्हायलीत."

दोन वर्षं दर रविवारी ते ती गाडी पडवीतून बाहेर काढत होते, पुसत होते, हिरवा दिवा बघून सुरू करत होते आणि दहा मिनिटं शेजारी उभे राहत होते. मी सांगितलं होतं म्हणून. त्यांना गाडी चालवता येत नव्हती आणि जिला येत होती ती त्या आवाजाने आत जाऊन दार लावून घ्यायची, हे त्यांनीच नंतर सांगितलं. उरलेली तीन मिनिटं मीही शेजारी उभा राहिलो. त्यांनी गाडी बंद केली, तेव्हा मला बोलायला त्या इंजिनाची सोबतही उरली नाही.

मयूरी बाहेर आली. ती चालताना डावा पाय जरा आखडून टाकत होती. ती कंपनीत परत जायला लागली होती, बसने. पाणी आणलं, पायरीवर बसली. मी फोटो काढून दोघांच्या समोर ठेवला आणि बुटांवर बोट ठेवलं. सांगितलं की मला तो तळ दिसला होता. दिसूनही मी बोललो नाही. वर्कशॉपमध्ये नवीन माणसाचं होतं असं म्हणालो, तेव्हाही मला माहीत होतं. पोरीला गाडी जमत नाही असं नव्हतं. गाडी तिच्या मापाची नव्हती आणि माप माझं चुकलं होतं, जाणूनबुजून.

मयूरीने फोटो उचलून हातात घेतला. मग म्हणाली, "तुम्ही टाच बघितली त्या दिवशी मला सुट्टी होती, काका."

मला कळलं नाही. ती वर न बघता सांगत राहिली. कंपनीतल्या मुलांनी तिला आधीच सांगितलं होतं की पेणला टाच बघतात, टेकली नाही तर देत नाहीत. उंची आपली कमी, हे तिला माहीत होतं. म्हणून सुट्टीच्या दिवशी ती कंपनीचा शर्ट आणि बूट घालून, शिफ्टवरून आल्यासारखी आली होती. घोटा मोडला तेव्हापासून ती समजत होती की फसवल्याची शिक्षा मिळाली. बाबांना सांगायची हिंमत झाली नाही. गाडीचा आवाज आला की तिला तेच आठवायचं.

म्हणजे मी माझं मन हलकं करायला गेलो होतो आणि तिकडे तेच ओझं दुसऱ्या बाजूने ती मुलगी वाहत होती. मी एकदा गेलो असतो, दोन वर्षांपूर्वी, तर तिचं निम्मं तरी कमी झालं असतं. बावीस वर्षांच्या मुलीने गाडीच्या हौसेपायी थोडी लबाडी केली तर ती बघून थांबवणं हेच माझं काम होतं. मी ते तिला सांगितलं.

धर्माभाऊ घड्याळ हातात घेऊन तसेच उभे होते. म्हणाले, "म्हंजे तुमा दोघांना ठावं होतं. मलाच नव्हतं." त्यांची बायको दोन वर्षं त्यांनाच बोल लावत होती, की तुम्हीच म्हणालात हवी ती द्या. ते एवढं बोलून मागच्या दारी निघून गेले. मी आणि मयूरी बसून राहिलो. मला वाटलं उठून जावं, पण उठवेना. बऱ्याच वेळाने ते परत आले ते चहा घेऊन, आणि माझ्याकडे न बघता मुलीला म्हणाले, "सँडल काढ. भाऊंना टाच दाखव."

ती तयार होईना. मग तयार झाली. अनवाणी बसली, मी गाडी मागून घट्ट धरली आणि धर्माभाऊंनी पुढून. मी वाकलो. टाच आणि जमीन यांच्यामध्ये माझी दोन बोटं आडवी गेली. एवढंच अंतर होतं. धर्माभाऊंनीही वाकून स्वतःची दोन बोटं घालून बघितली.

सीट काढून मी ती पेणला घेऊन आलो. इथे सीट शिवणारा जुना कारागीर आहे, त्याने आतला फोम तासला, कडा निमुळत्या केल्या. त्याने एक बोट मिळालं. राहिलं एक बोट. ते गाडीत मिळणार नव्हतं, ते शिकवायचं होतं. मुरलेला माणूस दोन्ही टाचा टेकवतच नाही. तो थांबताना कंबर किंचित एका बाजूला सरकवतो आणि तोच एक पाय पूर्ण टेकवतो. बहुतेक लोक डावा टेकवतात, कारण उजवा मागच्या ब्रेकवर असतो. मयूरीचा डावा आता भरवशाचा नव्हता. म्हणून तिला उजवा टेकवायला शिकायचं होतं, पुढच्या ब्रेकवर, हाताने थांबून, आणि थांबायच्या आधी बघायचं की रस्ता कुठल्या अंगाला उतरतोय. सव्वीस वर्षांत मी हे कुणाला शिकवलं नव्हतं. टाच टेकते का तेवढं बघून मोकळा व्हायचो.

डॉक्टरांनी पायाला परवानगी दिली होती. मनाची परवानगी मिळायला पाच रविवार लागले. गावातल्या शाळेच्या मैदानावर ती चालवायची, मी हात वर केला की थांबायची. पहिल्या रविवारी ती गाडी सुरू करून नुसती बसून राहिली आणि रडली. दुसऱ्या रविवारी दहा पावलं गेली. तिसऱ्याला तोल गेला, मी आणि धर्माभाऊ दोघे धावलो, तिने स्वतःच सावरली. चौथ्याला धर्माभाऊ मैदानाच्या कडेला वालाची शेंग सोलत बसले होते, तिकडे बघत नव्हते. पाचव्या रविवारी ती मैदानाच्या उतरत्या कोपऱ्यात जाऊन मुद्दाम थांबली, उजवा पाय टाकून, आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "काका, आता वाकून बघू नका."

मग मी जायचा थांबलो. माझं काम संपलं होतं आणि खरं म्हणजे मला त्या घरात फार वावरण्याचा हक्कही नव्हता. तिचा पाय आखडतो तो आखडतोच आहे. थंडीत दुखतो असं तिने एकदा सहज सांगितलं. ते दुखणं माझ्या नावावर आहे आणि ते तसंच राहणार. चांगल्या शेवटाने ते पुसलं जातं असं मला वाटत नाही.

पुढच्या रविवारी सकाळी मी घरी पेपर वाचत बसलो होतो. धर्माभाऊंचा फोन आला. त्यांनी मला कधीच फोन केला नव्हता, त्यामुळे नाव बघून मी पेपर टाकून उठलो. मी विचारलं, काय झालं, मयूरी बरी आहे ना. पलीकडून अंगणातल्या कोंबड्यांचा आवाज येत होता.

मग ते म्हणाले, "काय नाय भाऊ. आज रविवार ना. सुरू करायला म्हून पडवीत गेलो, तं गाडी जाग्यावर नाय."